दगडातल्या पोवळ्याचं बारसं

आमच्या घरात त्या काळी एकही सपाट जागा मोकळी नव्हती. तांदळाच्या कोठीच्या झाकणावर दगड, माजघराच्या खिडकीत दगड, न्हाणीघरात साबणाच्या कोनाड्यात दगड, आणि आई देवघर पुसायला गेली की तिथे बाळकृष्णाच्या शेजारीही एक दगड, पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. आई तो उचलून ओटीवर आणून ठेवायची आणि अप्पा घरी आले की तो पुन्हा आत जायचा, कारण ओटीवर त्याला दमट हवा लागते म्हणे. जो जीव जन्मभर समुद्राच्या पाण्यात राहिला त्याला रेवदंड्याची दमट हवा बाधते, हे आईला कधी पटलं नाही. मला आजही पटलेलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. अलिबागला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सकाळच्या एसटीने जायचे, दुपारी परतायचे, आणि दोन घास पोटात गेले न गेले तोच ओटीवर बैठक मारायचे. आमची नारळ-सुपारीची वाडी होती, पण तिच्याकडे बघायची माईआत्या, त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच ती माहेरी परत आली होती आणि तेव्हापासून वाडीतलं एकेक झाड तिने स्वतःच्या हाताने पाणी घालून वाढवलं होतं. घर चालवायची आई. मग अप्पा नेमकं काय चालवतात, हा प्रश्न आत्या आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांसमोर विचारायची, आणि अप्पा तो ऐकूच आला नाही असं दाखवायचे. ते त्यांना फार छान जमायचं.

विहिरीवरचा रहाट काढून पंप बसवायचं ठरलं तेव्हा ही भानगड सुरू झाली. काठाचा एक दगड गवंड्याने पहारीने उचकटला आणि तो मधोमध फुटला. आमच्याकडचा दगड सगळा काळा. किल्ल्याचा तट काळा, विहिरी काळ्या, कुंपणाचे गडगे काळे. हा आतून पिवळट निघाला आणि त्याच्यावर चांदण्याच चांदण्या. करंगळीच्या नखाएवढी एकेक गोल चांदणी, आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेले केसासारखे बारीक आरे. गवंडी म्हणाला, "मास्तर, ह्ये कुनी कोरलं व्हईल?" इस्त्रीच्या पँटने अप्पा विहिरीकाठच्या चिखलात मांडी घालून बसले होते. त्या दिवशी त्यांनी कॉलेज बुडवलं. पंप तीन आठवडे उशिरा बसला, कारण काठाचा दुसरा कुठलाही दगड हलवायला त्यांनी मनाई केली, आणि तेवढे दिवस आईने आणि मी दोरीने पाणी ओढलं.

ते पोवळं होतं. "पोवळं नव्हे, प्रवाळ," अप्पा म्हणायचे. लक्षावधी वर्षांपूर्वी मरून दगड झालेलं, आणि ज्याची जात आता जगात कुठेच शिल्लक नाही असं. त्यांनी गावभर शोध घेतला तेव्हा तसलेच आणखी सात-आठ तुकडे सापडले, कुणाच्या गडग्यात, कुणाच्या पायरीखाली. लोकांनी ते हसत हसत देऊन टाकले. मग पुण्याच्या एका वयस्कर प्रोफेसरांशी पत्रव्यवहार सुरू झाला. ते आयुष्यभर असल्याच दगडांवर काम केलेले गृहस्थ होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, आणि घरात त्यांच्या पत्राची वाट जावयाच्या पत्रासारखी पाहिली जायची. सरांनी कळवलं की ह्या प्राण्याचं कुळ ओळखता येतंय, पण जात ठरवायची तर दगड कापून, घासून, कागदासारखा पातळ करून बघावा लागेल, आरे मोजावे लागतील, आणि हुबेहूब चित्रं काढावी लागतील.

चित्रं म्हटल्यावर अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मला स्वच्छ आठवतो. मी वालाच्या शेंगा सोलत होते. शाळेत चित्रकलेला मला नेहमी पहिला नंबर मिळायचा, आणि त्याचा एवढा पश्चात्ताप मला पुढे कधी झाला नाही.

पुढची तीन वर्षं आमच्या घराचा एक ठरलेला आवाज होता: घर्र, घर्र, घर्र. ओटीवर जाड काच, काचेवर पाणी, पाण्यात दगड घासायची कुरुंदाची पूड, आणि त्यावर दगडाची चकती गोल गोल फिरवत बसलेले अप्पा. वाडीतल्या कावळ्यांनासुद्धा त्या आवाजाची सवय झाली होती. कुरुंदाची पूड कशातही जायची. भाकरीच्या पिठात, पापडाच्या डब्यात, माझ्या केसांत. आई कोलंबीचं कालवण करायची, सगळे जेवायला बसायचे, आणि पहिल्याच घासाला कुणाच्या तरी दाताखाली कचकन यायचं. "कोलंबी नीट धुतली नाहीस," आत्या म्हणायची. "कोलंबी धुतली होती, तुमचा भाऊ धुवायचा राहिला," आई म्हणायची. चकती पुरेशी पातळ झाली की ती राळेने काचेवर चिकटवायची. राळ स्पिरिटच्या शेगडीवर तापायची आणि तिच्या वासाने मला आजही भूक मरते.

मग माझी पाळी. कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून एका डोळ्याने बघायचं आणि दुसऱ्या डोळ्याने कागदावर काढायचं. माझ्या अंगात तेव्हा कलावंत संचारलेला असायचा. चांदणी कुठे थोडी झिजलेली असली की मी ती पूर्ण करून टाकायची, सावली द्यायची, जरा डौल आणायची. अप्पा चित्र हातात घ्यायचे, भिंगातून बघायचे, आणि खाली ठेवायचे. "सुंदर आहे. पुन्हा काढ."

"का?"

"तिथे आरा तुटलाय. तू जोडलास."

"पण तो असणारच ना तिथे!"

"असणार हे मला कळतं, शालू. आहे का ते सांग."

एक चित्र मी अकरा वेळा काढलं आहे. अकराव्या वेळी रडत काढलं, तर कागदावर थेंब पडला आणि बाराव्यांदा काढावं लागलं. मैत्रिणी किनाऱ्यावर फिरायला जायच्या, जत्रेला जायच्या, आणि मी एका मेलेल्या किड्याच्या घरात किती भिंती आहेत ते मोजत बसलेली असायची. आता वाटतं, मला चित्रकला जी काही आली ती त्या ओटीवर आली. पण हे मी अप्पांना ते हयात असताना कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी तेरावं काढायला लावलं असतं.

त्या भिंती मोजण्यातच सगळी गोम होती. ह्या प्राण्याच्या माहीत असलेल्या भावंडांमध्ये आरे सहाच्या पटीत असायचे, सहा, बारा, चोवीस. आमच्या दगडात ते दहाच्या पटीत निघाले. एका चांदणीत नाही, शेकडो चांदण्यांत. सरांनी तीनदा खात्री करायला लावली, आम्ही तीनदा मोजले, आणि मग त्यांचं पत्र आलं की जात नवीन आहे, आजवर कुणी नोंदवलेली नाही, तेव्हा वर्णन लिहा आणि नाव द्या.

नाव द्या म्हटल्यावर घरात खरी लढाई पेटली. अप्पांनी आत्याला समजावून सांगितलं की ह्या नावाचे दोन भाग असतात. पहिला आडनावासारखा, तो युरोपातल्या कुणीतरी पूर्वीच ठरवलेला आहे. दुसरा आपण द्यायचा. आत्या म्हणाली, मग बाबांचं दे. त्यांनी ती विहीर बांधली, त्यांच्याच विहिरीत तो सापडला, आणि आजोबांचं नाव घरात एकाही मुलाला दिलेलं नाही. अप्पा म्हणाले, मी गावाचं देणार, रेवदंडेन्सिस. "रेवदंडे काय?" आत्या म्हणाली. "हे काय औषधाचं नाव आहे?" दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलली नाहीत, आणि निरोप माझ्यामार्फत गेले. आई मला म्हणाली, "काय हवं ते ठेवा म्हणावं नाव, पण बारसं झालं की त्याला माझ्या कोठीवरून उचला."

अप्पांचा गावाच्या नावासाठी हट्ट होता त्याला कारण होतं. सरांनी अगदी पहिल्यापासून एक शंका काढली होती. ह्या प्राण्याचे नातेवाईक कच्छात सापडतात. ते आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुने. मग काळ्या दगडाच्या डोक्यावर, रेवदंड्याच्या विहिरीत, हा आला कुठून? ह्यावर अप्पांनी एक सिद्धान्त मांडला होता. आपल्या पायाखाली, काळ्या दगडाच्याही खाली, एक फार प्राचीन समुद्राचा तळ आहे. जमिनीतून लाव्हा वर उसळला तेव्हा त्याने त्या तळाचे तुकडे खेचून आणले. म्हणजे आमच्या विहिरीतला दगड हा त्या पुरलेल्या समुद्राचा एकुलता एक साक्षीदार. हे सांगताना अप्पांचा आवाज बदलायचा. वर्गात ते कसे शिकवत असतील ते मला तेव्हा कळायचं. सरांनी विचारलं, लाव्ह्यात सापडला तर तो भाजलेला का नाही? अप्पा त्या पत्रावर चार दिवस चिडले होते. मग पुरावा म्हणून त्यांनी विहिरीच्या बाजूला चर खणायला घेतला. खणता खणता आत्याच्या सहा सुपाऱ्या गेल्या, उभ्या, पिकत्या. आत्याने आरडाओरडा केला नाही. पडलेल्या प्रत्येक झाडापाशी जाऊन ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत निघून गेली. चरात काळा दगड लागला, त्याखाली काळा दगड, आणि मग पाणी.

त्या विहिरीपाशी आता कुणीतरी सुटी घालवायला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. मांडव्याला बोटीतून उतरून गाड्या भरभरून माणसं येतात, काठाच्या दगडांवर बसून फोटो काढतात. मी मागे एकदा गेले होते तेव्हा एका मुलीने मला विचारलं, "आजी, इथे पूर्वी काय होतं?" मी म्हटलं, "डोकेदुखी."

बारावीनंतर मला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. अप्पांची ना नव्हती, पण हो म्हणण्याचीही त्यांची एक पद्धत होती. "लेख छापून होऊ दे. मुद्रितं एकदा तपासून गेली की तू मोकळी." प्रवेशाचा अर्ज भरून माझ्या ट्रंकेत पडला होता, त्यावर त्यांची सही तेवढी बाकी होती. लेख सरांमार्फत एका नियतकालिकाकडे गेला होता, स्वीकारला गेला होता, आणि मुद्रितं कुठल्याही दिवशी येतील असं पत्र होतं. मी रोज पोस्टमनची सायकल ऐकायला फाटकाशी जायची. सासरी जायला निघालेल्या मुलीसारखी मी त्या महिन्यात सगळ्यांशी गोड वागत होते.

आणि त्याच महिन्यात मी सलमाकडे गेले. सलमा माझी शाळेपासूनची मैत्रीण, खाडीच्या बाजूला राहायची. तिचे वडील आखातात नोकरीला होते, घरात आई, भावंडं आणि आजोबा. आजोबांना सगळा गाव दाऊद नाखवा म्हणायचा. शिडाच्या गलबतांच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी स्वतःचं गलबत चालवलं होतं. आता ते अंगणात खाटेवर बसून जाळ्याच्या गाठी मारायचे, जाळं कुणालाच नको असलं तरी. आम्ही अंगणात बसलो होतो. सलमाच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकट दिली होती. हात धुवायला मी कपडे धुण्याच्या दगडापाशी गेले, त्यावर पाणी ओतलं, आणि ओल्या दगडावर चांदण्या उमटल्या.

मी तिथेच उकिडवी बसले आणि मोजायला लागले. सवय वाईट. दहा. वीस. दहा.

"काय गं पोरी, फत्तरात काय शोधतेस?" नाखवाचाचांनी खाटेवरून विचारलं.

"चाचा, हा दगड कुठला?"

"कच्छचा. आनखी कुठला?"

"कच्छचा इथे कसा येईल?"

ते हसले. "चालत तर न्हाय येनार. आमी आनला. इथून नारळ, सुपारी, लाकूड भरून कच्छला न्यायचो. तिकडून येताना माल न्हाय भेटला तर गलबत रिकामं कसं आननार? रिकामं गलबत दर्यात उलटतं. मग तिथल्या नदीतले फत्तर भरायचे तळाला. त्याला नीरम बोलतात. इथं आलो की खाडीत ओतून टाकायचे. ज्याला लागतील त्यानं उचलून न्यायचे. माझ्या बापाच्या वख्तापासून चाललं होतं. गावात किती विहिरींना, किती घरांना लागलेत ते फत्तर, अल्ला मालूम."

"आमच्या विहिरीलासुद्धा?"

"तुझ्या आजोबांच्या विहिरीला ना? तिथं तर आमच्याच बैलगाडीतनं गेले. बाप सांगायचा."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की वाटेत मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं, संताप होता. तीन वर्षं. बारा वेळा काढलेलं चित्र. आत्याच्या सहा सुपाऱ्या. पायाखालचा प्राचीन समुद्र. आणि उत्तर दहा मिनिटांच्या वाटेवर, खाटेवर, गाठी मारत बसलेलं होतं, आणि आमच्या प्राध्यापकसाहेबांना ते कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं! त्यांनी दगड मागितले होते घरोघर, पण हा तुमच्याकडे आला कसा, एवढा एक प्रश्न केला नव्हता. आणि मग, फाटकाशी पोचता पोचता, दुसरी गोष्ट लक्षात आली. मी हे सांगितलं तर लेख थांबणार. लेख थांबला की मी थांबले. पुन्हा काच, पुन्हा कुरुंद, पुन्हा घर्र घर्र.

मी सांगितलं नाही. लपवून ठेवलं. मनाला बजावलं की जात नवीन आहे ते तर खरंच आहे, गाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं, कोण येणार आहे विचारायला. दुसऱ्या दिवशी जेवताना अप्पा मजेत होते, त्यांनी दोनदा बिरडं मागून घेतलं, आत्याशीही चार शब्द बोलले. मला घास गिळवेना. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

आठव्या दिवशी मुद्रितं आली. माझ्या चित्रांची पानं गुळगुळीत कागदावर छापलेली होती आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव होतं. माझं नाव मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. अप्पा ओटीवर पेन्सिल घेऊन बसले, ओळीवर बोट ठेवून वाचत होते, आणि चारच्या टपालाने ती परत पाठवायची होती. मी चहा घेऊन गेले. त्यांनी वर न बघता म्हटलं, "बघ शालू, तुटलेला आरा किती स्वच्छ आलाय." तो आरा मी नीट पाहिला. तुटलेला होता, आणि मी तो तुटलेलाच काढला होता.

"अप्पा," मी म्हटलं, "तो दगड कच्छचा आहे."

"कुठला?"

"आपला. सगळेच. गलबतातून आलेत."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी नाखवाचाचांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, एका दमात, जमिनीकडे बघत. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"गेल्या बुधवारी."

"आज गुरुवार."

"हो."

ते उठले, चपला घातल्या, खिशात भिंग टाकलं आणि निघून गेले. मी कपबशी हातात धरून तशीच उभी राहिले. माजघरातून आईने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि म्हणाली, "आठ दिवस घास का उतरत नव्हता ते आता कळलं." तिने मला रागावलंही नाही आणि जवळही घेतलं नाही. चहा वाया जाऊ नये म्हणून तिने तो स्वतः पिऊन टाकला.

अप्पा दीड-दोन तासांनी आले. धोब्याच्या दगडासारखा दिसणारा एक ओला तुकडा त्यांच्या हातात होता. चारचं टपाल केव्हाच गेलं होतं. ओटीवर बसून त्यांनी मुद्रिताच्या पहिल्या पानावर, आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: छापू नये, स्थळ चुकीचे आहे. मग सरांना पत्र लिहायला घेतलं. आत्या दारात येऊन उभी राहिली. कुणीतरी तिला सांगितलंच होतं.

"म्हणजे खाली समुद्र नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"मग माझी सहा झाडं कशासाठी पाडलीस?"

अप्पांना ते ऐकू आलं नाही असं दाखवता आलं नाही. ते बहिणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चुकलं, माई." माझ्या आठवणीत त्यांनी तिच्याशी बोलताना हा शब्द दुसऱ्यांदा वापरलेला नाही. आत्या "जेवायला या," म्हणाली आणि आत गेली.

मी वाट बघत होते ती माझ्या पाळीची. पत्र पाकिटात घालून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"तू आठ दिवस का गप्प बसलीस?"

खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "मला मुंबईला जायचं होतं. लेख थांबला की तुम्ही मला थांबवाल म्हणून."

"आणि मग आज का सांगितलंस?"

तुटलेल्या आऱ्याचं मी त्यांना सांगू शकले असते. त्याऐवजी मी चिडूनच म्हणाले, "तुम्हीच तर सारखं म्हणता, आहे का ते सांग! आहे ते सांगितलं!"

ते हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल झाला. "तुझा अर्ज आण," ते म्हणाले. मी ट्रंकेतून अर्ज आणला. त्यांनी सही केली आणि तो मला परत देताना म्हणाले, "तुझी चित्रं बरोबर आहेत. खाली लिहिलेलं माझं चुकलं. माझं मी निस्तरेन. तू जा."

मी गेले. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी घरी आले की ओटीकडे बघायचंही टाळायची. पण अप्पांनी शब्द पाळला. एकदाही मला चित्र काढायला सांगितलं नाही. ते मे महिन्याच्या सुटीत कच्छला गेले, नाखवाचाचांनी सांगितलेल्या बंदरावर उतरून नदीच्या पात्रातून वर चालत राहिले आणि हात हलवत, उन्हाने काळेठिक्कर होऊन परत आले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. आईने तिसऱ्या खेपेला बरोबर थालीपिठाची भाजणी, एक जादा टोपी दिली आणि एवढंच सांगून पाठवलं की ह्या वेळी सापडलं नाही तर येताना निदान एखादी चांगली चादर आणा. त्या खेपेला सापडलं. एका उघड्या टेकाडावर, जागच्या जागी, अख्खा थर. चादरही आणली.

लेख नव्याने लिहिला गेला आणि माझ्या शेवटच्या वर्षाच्या सुटीत छापून आला. जुनीच चित्रं होती. मी पहिल्या पानावर नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. रेवदंडेन्सिस नव्हतं. आजोबांचंही नव्हतं. दाऊदी होतं.

"आत्याला सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. तिने अबोला धरलाय, दोन दिवस झाले. अजून सहा बाकी असतील." मग म्हणाले, "चल, नाखवाला वाचून दाखवू."

नाखवाचाचा खूपच थकले होते. खाट अंगणातून पडवीत आली होती. सलमाचं लग्न होऊन ती सासरी गेली होती, पण तिच्या आईने चहा केला. अप्पांनी लेख उघडून सगळं मराठीत समजावून सांगितलं. कुठलं कुळ, किती आरे, केव्हाचा समुद्र. मग नावावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ नेला, इंग्रजी अक्षर एकही कळत नसताना बराच वेळ बघितला.

"ह्ये माझं नाव हाय?"

"तुमचं."

"आनि ह्ये जनावर? जितं हाय कुठं?"

"नाही हो. कधीच संपलं. माणूस जन्मायच्या फार फार आधी."

"तरी त्याला नाव लागतं?"

"लागतं."

"का?"

अप्पा म्हणजे वीस वर्षं वर्गात शिकवलेला माणूस, पण मला वाटतं हा प्रश्न त्यांना त्या दिवसापर्यंत कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "नाहीतर नाखवा, त्याच्याबद्दल बोलायचं कसं?"

म्हाताऱ्याला ते पटलं. त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली, परत दिली नाही. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "त्या मागच्या पायरीखालचा आन गं. मास्तरला दाखवायचा राहिला." तिने एक जड, हिरवट दगड आणून अप्पांच्या पायापाशी ठेवला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ह्यावर चांदण्या नव्हत्या. वळणं होती, एकात एक शिरलेली, नदीच्या नकाशासारखी.

अप्पा खाटेवरून खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसले. खिशातून भिंग निघालं. मी त्यांची मान ओळखत होते. तीन वर्षं मी ती तशी वाकलेली पाहिली होती.

"अप्पा," मी म्हटलं, "मला उद्या सकाळी मांडव्याची लाँच गाठायची आहे."

"हो, हो," ते वर न बघता म्हणाले. "एकच बाजू काढायची आहे."

मी सुस्कारा सोडला, पर्समधून पेन्सिल काढली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.